नमुन्याची कापणी आणि मुलांची परीक्षा

खते, बियाणे, बांधबंदिस्ती आणि बाजारभाव यांची माहिती देणाऱ्या या मासिकात शाळेच्या परीक्षांविषयी लेख कशास, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास उत्तर इतकेच की, ज्यांच्यासाठी आपण जमीन राखतो त्या मुलांविषयीचाच हा लेख आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झाले. पुढचे सर्व शिक्षण महसूल कचेरीच्या दप्तरात झाले. शिक्षणशास्त्राची परिभाषा मला अवगत नाही. पीक कसे मोजतात हे मात्र मी उभे आयुष्य पाहिले आहे, आणि तेवढ्याच आधारावर हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहे.

आमचे गाव शिरवणे. जुईनगर व नेरूळ यांच्या मध्ये, आता नवी मुंबईच्या पोटात शिरलेले. एके काळी येथे भाताची खाचरे होती आणि खाडीच्या अंगास खार जमीन होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि शहरासाठी या पट्ट्यातील जमिनी संपादन होत गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान फाटा येथील गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना झाली. 'साडेबारा टक्के' हे दोन शब्द तेव्हापासून आमच्या गावात देवाच्या नावाइतके परिचित आहेत.

मागील दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या ओट्यावर बसलो असता घरच्या वृद्धांनी आपल्या सहावीतील नातवास एक प्रश्न घातला. मुलगा हुशार, गणितात शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळवून आलेला, आणि त्याचेच कौतुक चालले होते. वृद्धांनी स्वतः दुसरी इयत्ता झाल्यावर शाळा सोडली होती. ते म्हणाले, "बाळा, आपली एक एकर जमीन गेली. साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने किती गुंठे परत यायला पाहिजेत ते सांग."

मुलाने कागद मागितला. वर बारा पूर्णांक पाच, खाली शंभर असे मांडले आणि थांबला. नंतर विचारले, "आजोबा, एकराचे चौरस मीटर किती?" ते काही आजोबांस ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "शंभरात साडेबारा म्हणजे आठवा हिस्सा. एकराचे गुंठे चाळीस, त्याचा आठवा पाच. त्यातले तीस टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले, म्हणजे दीड गुंठा गेला. हातात राहिले साडेतीन." हे सर्व पानाला चुना लावता लावता झाले. मुलगा जरा खजील होऊन म्हणाला, "पण असे गणित आमच्या पेपरात येत नाही."

त्या मुलाचे म्हणणे खरे होते. तो मंदबुद्धी नाही, आणि त्याचे गुरुजीही आळशी नाहीत. पेपरात जे येते ते त्यास उत्तम येते. मात्र जे पेपरात यावयाचे नाही ते त्याच्या लेखी गणितच नाही. हे कसे घडते ते मी पुढे माझ्या धंद्यातील दाखल्याने सांगतो.

पैसेवारी, म्हणजे आपली जुनी आणेवारी, कशी काढतात हे बहुतेक वाचकांनी बांधावर उभे राहून पाहिले असेल. सगळ्या गावाचे पीक कापून तोलणे शक्य नसते. म्हणून पीक कापणी प्रयोगासाठी काही थोडे भूखंड निवडतात. कोणता गट क्रमांक घ्यावयाचा आणि त्या शेतात कोणत्या कोपऱ्यापासून किती पावले जाऊन खुंटी ठोकावयाची, हे कोणाच्या मर्जीवर नसून आकड्यांच्या कोष्टकावरून ठरते. चार खुंट्या, दोरी, आतील पीक कापणे, झोडणे, वाळवणे, तोलणे. त्या एवढ्याशा तुकड्याच्या वजनावरून गावाच्या पिकाचा अंदाज बांधला जातो. या सगळ्या खटाटोपाचा प्राण एका गोष्टीत आहे: तो तुकडा बाकीच्या शेतासारखाच असला पाहिजे, आणि कोणता तुकडा कापला जाणार हे अगोदर कोणास ठाऊक नसले पाहिजे.

आता अशी कल्पना करा की, ईशान्येकडच्या कोपऱ्यातील पाच पावलांचा तुकडाच दर वर्षी कापला जातो हे साऱ्या गावास कळले, आणि तेथील वजनावर शेतकऱ्याची अब्रू, तलाठ्याची बढती व गावाचे अनुदान ठरू लागले. शेतकरी काय करील? शेणखत त्याच तुकड्यास, पाणी त्याच तुकड्यास, निंदणीही तेथेच. बाकीच्या शेतात तण माजले तरी त्यास फिकीर नाही. वजन दर वर्षी चढत जाईल, जिल्ह्याच्या तक्त्यात गाव वर येईल, आणि कणगीत मात्र धान्य नसेल. त्यात वजनकाट्याचा किंवा शेतकऱ्याचाही दोष काढता येत नाही. ज्या दिवशी नमुना हेच ध्येय झाले, त्या दिवशी तो नमुना राहिला नाही.

येथे स्वतःकडचा एक कबुलीजबाब देणे भाग आहे. एका तालुक्यात असताना, पाऊस लागला होता आणि कोष्टकाप्रमाणे आलेले शेत ओढ्यापलीकडे होते, म्हणून रस्त्याच्या कडेचे बरे दिसणारे शेत कापून मोकळे झालेल्या मंडळींत मीही होतो. त्या वर्षी त्या गावाचा आकडा जेवढा फुगला, तेवढी तेथील माणसांची सवलत बुडाली असावी. कागदावर सर्व काही बिनचूक होते. सोयीचा नमुना घेतला की काय होते, हे मला तेव्हापासून कोणी शिकवावे लागले नाही.

शाळेची परीक्षा ही अशीच नमुन्याची कापणी आहे. वर्षभरात मूल जे शिकले त्या सगळ्याची मोजदाद तीन तासांत होत नाही. म्हणून दहा-वीस प्रश्नांचा तुकडा कापतात. तो तुकडा कोठला हे मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवरून, मार्गदर्शकांवरून आणि शिकवण्यांवरून सर्वांस ठाऊक झालेले असते. मग खत कोठे पडते हे सांगावयास नको.

हा रोग आजचा नव्हे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याने असा नियम काढला की, शाळेस सरकारी मदत मुलांच्या उत्तीर्णतेप्रमाणे द्यावी. निरीक्षक वर्षातून एकदा येई, प्रत्येक मुलास वाचन, लेखन व अंकगणित यांत तपाशी, आणि जो मुलगा नापास होई त्याच्या नावाचे पैसे कापले जात. सरकारच्या दृष्टीने हिशेब अगदी चोख होता. परिणाम असा झाला की, मास्तर वर्षभर एकच वाचनपुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेऊ लागले. निरीक्षकासमोर मुले घडाघड म्हणत, पण दुसरे पुस्तक हाती दिले की अडत. मॅथ्यू आर्नल्ड हा नामांकित ग्रंथकार स्वतः शाळानिरीक्षक होता. त्याने आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सडकून टीका केली. तरी ती तीसेक वर्षे टिकली. विलायतेचे जे असेल ते आपल्याकडे यावयाचेच. सर अलेक्झांडर ग्रँट हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे प्रमुख असताना, १८६५ च्या सुमारास, खाजगी शाळांच्या अनुदानास 'निकालाप्रमाणे पैसा' हेच तत्त्व लागू झाले. पुढे १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात सरकारनेच ही पद्धत सोडावी असे म्हटले आणि परीक्षांचे स्तोम फार वाढल्याचीही कबुली दिली.

या प्रकरणात आम्हा शेतकऱ्यांचा संबंध फार जुना आहे, आणि तो महसुलाच्या वाटेने येतो. गेल्या शतकाच्या मागील शतकात, १८६० नंतर, शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून वसूल होऊ लागला, व त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे खेड्यातील शाळेचा खर्च कुणब्याच्या खिशातून. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात नेमके हेच विचारले की, पैसा शेतकऱ्याचा आणि लाभ कोणाचा? त्या निवेदनातील काही मुद्दे आजच्या शाळा समितीच्या बैठकीत जसेच्या तसे मांडता येतील. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल व व्याकरण, आणि त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी मागितले. निकालावर पैसा देण्याची पद्धत गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षण पसरविण्यास उपयोगी नाही, असेही त्यांनी सांगितले. कारण जेथे विद्येची गोडीच अजून लागलेली नाही, तेथे निकालाच्या भरवशावर शाळा काढावयास कोण मास्तर धजेल? आणि तिसरा मुद्दा मला सर्वांत आवडतो. डेप्युटी साहेबांनी वर्षातून एकदा भेट देऊन काही साधत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि अधूनमधून न कळवता व्हावी.

ज्याने जमाबंदीचे दिवस पाहिले आहेत त्यास या मागणीचे मर्म लगेच कळेल. साहेब अमुक तारखेस येणार असे पत्र आले की, सहा महिने रखडलेले फेरफार दोन रात्रींत नोंदले जात. कंदील, चहा आणि शाईच्या बाटल्या. साहेब दप्तर पाहून प्रसन्न होत. ते दप्तर खोटे नसे, पण ते त्या एका दिवसाचे दप्तर असे.

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेचे कौतुक करणारे लोक आज पुष्कळ भेटतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही मालिका ज्यास पाठ, त्याचा बाजारात हात कोणी धरीत नसे, हे खरे. शेजारच्या आजोबांचे साडेतीन गुंठे त्याच वळणातून आले. परंतु त्या शाळेत छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुलीस व अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलास दारही नव्हते. तेव्हा ती परत आणा असे मी म्हणणार नाही. तिच्यात एक गुण होता तो असा की, शिकल्याची पारख गावात, रोजच्या व्यवहारात होई. मुलाने पत्र वाचून दाखविले, दुकानदाराच्या वहीतील बेरीज पडताळली की, बापास निकाल कळला.

पुढे मराठी फायनल, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा, आली, आणि तिने खेड्यातील अनेक घरांचे दैव पालटले हेही विसरता कामा नये. ती परीक्षा उतरला की तलाठी किंवा मास्तर होण्याचा मार्ग मोकळा होई. वशिला नसलेल्या माणसास कागदाचा आधार मिळे. सर्वांस एकच प्रश्नपत्रिका, हा न्याय लहानसहान नाही. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याच्या मुलास तेवढीच एक दारातील फट असते. शिष्यवृत्तीची परीक्षा पूर्वी चौथी-सातवीस होई, २०१७ पासून काही वर्षे ती पाचवी-आठवीस झाली. तिच्या जोरावर पुढे गेलेले कष्टकऱ्यांचे मुलगे व मुली आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. म्हणून परीक्षा नकोतच असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही. परीक्षा नसेल तर ओळखपाळख चालते. कचेरीत राहिलेल्या माणसास हे सांगावे लागत नाही.

पण त्याच शिष्यवृत्तीची दुसरी बाजूही पाहिली आहे. एका शाळेत (नाव व गाव मुद्दाम देत नाही) वर्गातील चाळीस मुलांतून आठ निवडून काढली गेली. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, सर्वांत चांगले शिक्षक, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, सर्व त्या आठांसाठी. पाच जणांस शिष्यवृत्ती मिळाली, फलक लागला, पेढे वाटले गेले. उरलेल्या बत्तीसांत माझ्या नात्यातील एक मुलगी होती. तिला पाचवीच्या अखेरीस आपल्या घरावरची पाणीपट्टीची नोटीस वाचता येत नव्हती. ही ती ईशान्येकडच्या कोपऱ्याची शेती.

या अनुभवांस कंटाळून सरकारने मध्यंतरी उलट टोक गाठले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आठवीपर्यंत कोणास नापास करावयाचे नाही असे ठरले, आणि एका वार्षिक परीक्षेच्या जागी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. हेतू चांगला होता: शिक्षकाने मुलाकडे रोज पाहावे, नोंद ठेवावी, अडेल तेथे लगेच मदत करावी. म्हणजे साहेबाची वार्षिक जमाबंदी जाऊन बांधावरची रोजची फेरी. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नोंदवह्या तेवढ्या भरल्या गेल्या. पालकांनी 'परीक्षाच नाही' एवढाच अर्थ घेतला. शेवटी २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी व आठवीस पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. परीक्षा होती तेव्हा मुले वाचावयास शिकत नाहीत म्हणून ती काढली, आणि काढल्यावर शिकत नाहीत म्हणून परत आणली. काटा बदलून धान्य वाढत नसते, एवढे आपणांपैकी कोणीही सांगितले असते. पण आपणांस विचारतो कोण!

खरी मोजणी कशी असावी याचा एक चांगला दाखला मात्र आपल्याच मुंबईत जन्मलेल्या 'प्रथम' या संस्थेने घालून दिला आहे. २००५ पासून ती 'असर' नावाची पाहणी करीत आली आहे. तीत शाळेत न जाता घरी जातात. जिल्ह्यातील तीस गावे व प्रत्येक गावातील वीस घरे कोणाच्या मर्जीने न निवडता काढतात. आपला पीक कापणी प्रयोगच तो. मुलासमोर एक साधा कागद धरतात: अक्षरे, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट, पुढे वजाबाकी आणि भागाकार. मुलास गुण मिळत नाहीत, शाळेचे अनुदान कापले जात नाही, शिक्षकाची बदली होत नाही. म्हणून कोणी त्यासाठी खास तयारी करवून घेत नाही, आणि म्हणूनच आकडा विश्वासार्ह राहतो. तो आकडा फार सुखाचा नाही. देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०१८ साली शेकडा ५०.५ होती, महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ४२.८ वर आली. २०२४ साली ती ४८.८ झाली. म्हणजे बऱ्या वर्षीही ही पैसेवारी पन्नासाच्याच आसपास. पिकाची एवढी आली तर आपण दुष्काळ जाहीर करा म्हणून मोर्चा नेतो. (आमचे शिरवणे महानगरपालिकेत असल्यामुळे या ग्रामीण पाहणीत येत नाही, त्यात आनंद मानण्याचे कारण नाही.)

मोजणीनंतर काय, हा मुख्य प्रश्न. प्रथमचेच काम येथेही उपयोगी पडते. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील महानगरपालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या गेल्या. वस्तीतीलच शिकलेल्या तरुण मुली, मागे पडलेली मुले दिवसाकाठी दोन तास वेगळी घेऊन बसत आणि त्यांस जेथपर्यंत येते तेथून पुढे शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी त्याची पद्धतशीर तपासणी केली, आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसून आली. त्या दोघांस पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण मूळ युक्ती कोणत्याही रोपवाटिकेच्या माळ्यास ठाऊक असते: रोप ज्या उंचीचे असेल त्या उंचीवर आधार बांधावा, यादीत त्याचे वय काय लिहिले आहे त्यावर बांधू नये.

आणि शिकविण्याची पद्धत म्हणाल, तर तीही आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच सापडते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण त्यांस गुरे राखावयाची असत. तेव्हा या बायकांनी मुलांवर गैरहजेरीचा शेरा मारला नाही. गुरे जेथे चरत त्या कुरणातच शाळा नेली. तिचे नावच कुरणशाळा. बिया, पाने, खडे यांवर मोजणी, झाडाखाली गोष्टी, ओढ्याकाठी स्वच्छतेचा पाठ. अशा शाळेत मुलास काय येते हे कळण्यासाठी वर्षअखेरीची वाट पाहावी लागत नाही. गुरे मोजून सांग म्हटले की कळते.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तीत तीनचतुर्थांश पालक असावे लागतात. बहुतेक गावी या समितीची बैठक म्हणजे चहा आणि सह्या. वाचकांपैकी जे अशा समितीवर असतील त्यांनी पुढील बैठकीस निकालाचा तक्ता बाजूस ठेवून एवढेच करावे: वर्गाच्या हजेरीपटातून डोळे मिटून पाच नावांवर बोट ठेवावे आणि त्या पाच मुलांपुढे, धाक न घालता, कालचे वर्तमानपत्र, खताच्या पिशवीवरचा मजकूर आणि वीजबिल ठेवून वाचावयास सांगावे. बोट हुशार मुलांच्या ओळीवर ठेवू नये. रस्त्याकडेच्या शेताची गोष्ट मी वर सांगितलीच आहे. जे आढळेल ते शिक्षकावर ओरडण्यासाठी वापरू नये. ज्या दिवशी त्यावर शिक्षा बसेल, त्या दिवसापासून शाळेत खताच्या पिशव्या पाठ करून घेतल्या जातील. गावात बारावी झालेली, घरी बसलेली मुलगी बहुधा असतेच. तिला दोन तासांचे मानधन सोसायटीच्या नफ्यातून देता येते का, हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारावे. बियाण्याच्या उगवणीची चाचणी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी करतोच. त्यासाठी प्रयोगशाळेच्या दाखल्याची वाट पाहत नाही.

शेजारचा तो नातू पौषात एकदा माझ्याकडे आला. साडेतीन गुंठ्यांचे चौरस मीटर त्याने स्वतः काढून आणले होते: तीनशे चोपन्न. गुंठ्याचे एकशे एक चौरस मीटर व वर थोडे, हे त्याने चुलत्याच्या जुन्या कागदावरून हुडकले होते. मी पेटीतून आमच्या गेलेल्या जमिनीचा जुना सातबारा काढून त्याच्या पुढे ठेवला आणि वाच म्हटले. भूमापन क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार असे बोट ठेवीत तो खाली आला आणि एका शब्दापाशी अडला. "काका, पोटखराबा म्हणजे काय हो?"

मी त्याला बसवून घेतले आणि खाडीकडच्या बांधापासून सांगावयास सुरुवात केली.